‘जेवलीस का?’ विचारलं की आई ‘हो’ म्हणते

रोज रात्री साडेआठच्या सुमारास मी साताऱ्याला फोन लावते. “जेवलीस का गं आई?” “हो, आत्ताच झालं.” बाबा गेल्यापासून वर्षभर हे असंच चाललं होतं आणि आई काही खोटं बोलत नव्हती. ती जेवत होती. किती आणि काय, ते मी विचारतच नव्हते.

गौरीच्या वेळी घरी गेले. गौरीला गजरा माळायला आईने हात वर केला आणि मनगटातली बांगडी घरंगळत थेट कोपरापाशी जाऊन थांबली. पूर्वी हीच बांगडी काढायची तर साबण लावावा लागायचा. मग फ्रिज उघडून पाहिला. वाटीवर वाटी उपडी घातलेली. एकीत दोन चमचे वरण, दुसरीत परवाची मेथी, तिसरीत मुठीएवढा भात. शेजारच्यांचा वजनकाटा आणला. 47 किलो. बाबा होते तेव्हा 54 होती.

“एकटीसाठी काय कुकर लावायचा? आणि वय झालं की आहार कमी होतोच,” आई म्हणाली. शेजारच्या काकूंनीही मान डोलावली. त्यानंतर डॉक्टरांना, आहारतज्ज्ञ बाईंना विचारून आणि वाचून जे समजलं, ते इथे जमेल तेवढ्या साध्या भाषेत मांडते आहे.

आहार कमी होतो, गरज होत नाही

म्हातारपणी भूक मंदावते यात काही चूक नाही. हिंडणंफिरणं कमी, म्हणून शरीराला उष्मांक कमी लागतात. वास आणि चव बोथट होतात. जठर पूर्वीसारखं पटकन सैलावत नाही, रिकामं व्हायलाही वेळ घेतं, म्हणून चार घासांतच पोट तुडुंब झाल्यासारखं वाटतं. भर म्हणून ‘पुरे आता’ असा निरोप मेंदूकडे नेणारी काही संप्रेरकंही या वयात जोर धरतात.

गफलत पुढे होते. गरज घटते ती उष्मांकांची. प्रथिनं, कॅल्शियम, बी-12, ड जीवनसत्त्व हे सगळं पूर्वीइतकंच लागतं, काही तर थोडं जास्तच. पिशवी लहान झाली आणि यादी तीच राहिली. त्या लहान पिशवीत आपल्याकडे जातं काय? तीन वेळचा चहा, त्यात बुडवलेली खारी, मऊ भात आणि पाणीदार वरण.

प्रथिनांचं एवढं कौतुक कशाला, तर स्नायूंसाठी. पन्नाशीनंतर स्नायू हळूहळू झिजत असतात आणि आजारपणात ते अक्षरशः वितळतात. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी 67 वर्षांच्या 12 धडधाकट माणसांना फक्त 10 दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितलं होतं. जेवणात प्रथिनंही शिफारशीएवढी दिली होती. तरी दहा दिवसांत पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. आता आपल्या घरातला ताप आठवा. आठ-दहा दिवस पडून राहायचं आणि पेजेवर काढायचे. ताप जातो, पण नंतर आजींना खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागतो, मग जिना नको वाटतो, मग एक दिवस त्या न्हाणीघरात पडतात. ‘त्या तापानंतर जी खचली ती खचलीच’ असं आपण म्हणतो, त्यातला मोठा वाटा या स्नायूंचा असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली प्रौढांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं अशी शिफारस केली. वृद्धांच्या आहारावर काम करणारे अनेक तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम सांगतात आणि आजारातून उठताना त्याहून जास्त. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला साधारण 50 ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब लागू नाही. तिथे आधी डॉक्टरांना विचारायचं.)

आईचा एक दिवस मी कागदावर मांडला. एक पोळी, तीन ग्रॅम. भाजी, धरा दीड. पातळ वरण, अडीच. भात, दोन-अडीच. दिवसभराच्या चहातलं दूध, तीन. रात्री अर्धी पोळी कुस्करून त्यावर अर्धा कप दूध, पाच. बेरीज सतराच्या आसपास. पोट मात्र भरलेलं. तिच्या दृष्टीने ती व्यवस्थित जेवत होती.

त्याच वाटीत जास्त काय बसेल

“अजून एक पोळी घे” हा आपला हुकमी आग्रह. तो इथे कामाचा नाही, कारण पोटात जागाच नसते. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, “वाटी तेवढीच ठेवा, आतला माल बदला.” आणि बदलायला काही परदेशी आणावं लागत नाही. डब्यात सगळं असतं.

वरण घट्ट करा. चमचा फिरवला की रेघ क्षणभर टिकली पाहिजे. खिचडीत तांदळाला निम्मी मूगडाळ घालतो ती बरोबरीने घाला. माणशी 30 ग्रॅम डाळ पोटात गेली तर सात ग्रॅम प्रथिनं झाली. पालेभाजीला, गवारीला दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, चार ग्रॅम. पिठलं तर या वयासाठीच शोधून काढल्यासारखं आहे. मऊ, झटपट होणारं, चावायला काही नाही आणि 30 ग्रॅम बेसनात सहा-सात ग्रॅम प्रथिनं. दुधात दोन चमचे दुधाची भुकटी विरघळवली तर कप तेवढाच राहतो आणि चार-पाच ग्रॅम वाढतात. वाटीभर दही, पाच. खाणाऱ्यांसाठी अंडं, सहा. पनीर किसून पराठ्यात किंवा उपम्यात. वर साजूक तूप, कारण वजन उतरलेल्या माणसाला उष्मांकही हवेत आणि तुपाच्या एका चमच्याने ताटातली जागा अडत नाही.

आपल्याकडे आजाऱ्याला मऊ भात, मेतकूट, तूप देतात. मेतकूट म्हणजे भाजलेल्या हरभरा आणि उडीद डाळीचं पीठच. फक्त ते चवीपुरतं चिमूटभर भुरभुरवतात, त्याऐवजी चांगले दोन चमचे कालवायचे.

डब्यातल्या तयार प्रथिन-पावडरींबद्दल मला फार प्रेम नाही. कधी कधी डॉक्टर सांगतात, तेव्हा त्या घ्याव्यातच. पण दुकानदाराने ‘आजींना ताकद येईल’ म्हणून दिलेल्या डब्याच्या मागची बाजू एकदा वाचा. कित्येकांत साखर भरपूर असते.

आणि हे सगळं एका जेवणात कोंबायचं नाही. सकाळी काहीतरी, दुपारी जेवण, चारला चहासोबत खारीऐवजी दाण्याचा किंवा राजगिऱ्याचा लाडू, रात्री थोडं. चहाची वेळही पाहावी. जेवणाआधी अर्धा तास चहा झाला तर उरलीसुरली भूक तोच गिळतो.

घास नेमका कुठे अडतो

‘आजोबा खात नाहीत’ ही तक्रार एकच वाटते, पण तिच्यामागे दहा कारणं असतात आणि प्रत्येकाला इलाज वेगळा. ताटातून पोटापर्यंतच्या वाटेवर घास कुठे थांबतो ते बघावं लागतं. माझ्या मते यासाठी एकदा अख्खं जेवण संपेपर्यंत समोर बसून बघण्यासारखा उपाय नाही. फोनवर हे कळत नाही.

आईच्या बाबतीत उत्तर पाचव्या मिनिटाला मिळालं. तिने पोळीचा तुकडा तोंडात घातला, बराच वेळ घोळवला आणि हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवला. कवळी सैल झाली होती. दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत राहतं, हिरड्यांचा आकार बदलतो, वजन उतरलं की आणखी फरक पडतो आणि पूर्वी घट्ट बसणारी कवळी हलायला लागते. हिरडीला घासते, फोड येतात. मग माणूस चावायचे पदार्थ गुपचूप सोडून देतो. आधी काकडी, मग उसळ, मग भाकरी, आणि शेवटी चहा-बिस्किटावर येऊन थांबतो. कवळी आतून भरून नीट बसवता येते, दरवेळी नवीन करावी लागत नाही. ज्यांना खर्च झेपत नाही अशा 60 वर्षांवरील दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. काठी, चष्मा, श्रवणयंत्रासोबत कवळीही त्यात येते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

काहींची जीभच हुळहुळते, तिखट सोडा, आमटीही झोंबते. यामागे कधी कधी बी-12ची कमतरता असते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं, भाजी-डाळीत ते नसतं. त्यात म्हातारपणी जठरातलं आम्ल कमी पडून ते नीट शोषलं जात नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी वर्षानुवर्षं चालू असलेल्या गोळ्या यांनीही ते घटतं. पावलं बधिर होणं, मुंग्या, विसराळूपणा अशी लक्षणं दिसली की रक्त तपासून घ्यावं. कमतरता गोळी-इंजेक्शनने भरून निघते.

पुढचा टप्पा घशाचा, आणि हा जपायचा आहे. पाणी किंवा चहा पिताना दरवेळी ठसका लागणं, जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येणं, घास गालात साठून राहणं, वरचेवर छातीत कफ होऊन ताप येणं. ही गिळण्याच्या त्रासाची लक्षणं आहेत. पक्षाघातानंतर, पार्किन्सनमध्ये, स्मृतिभ्रंशात हे बऱ्याचदा दिसतं. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत उतरलं की त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. आपल्याला वाटतं घट्ट अन्न अवघड आणि पाणी सोपं. अशा माणसाला बऱ्याचदा उलटं असतं. पातळ पदार्थ घशात झरकन उतरतो, झडप मिटायच्या आत. एकाच घासात पातळ आणि दाणेदार असेल, म्हणजे ताकात कालवलेला मोकळा भात किंवा दुधातले पोहे, तर आणखी कठीण. गिळणं तपासण्याचं काम स्पीच थेरपिस्ट करतात, हे ऐकून मी चकित झाले होते. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बरेचसे तेच, म्हणून. कुणाला किती घट्ट द्यायचं हे त्यांनी बघून सांगितल्याशिवाय घरच्या घरी ठरवू नये.

हात थरथरत असेल तर चार माणसांत सांडायची लाज वाटते, म्हणून आजोबा ‘मला भूक नाही’ म्हणून उठतात. त्यांना वाटीत, जाड दांड्याच्या चमच्याने खाता येईल असं द्या. मोतीबिंदू असेल तर पांढऱ्या ताटलीतला दहीभात दिसतच नाही. रंगीत ताटली आणा, दिव्याखाली बसवा. एवढं साधं असतं ते कधी कधी.

आणि कधी घास मनातच अडतो. चाळीस-पन्नास वर्षं दुसऱ्या कुणासाठी रांधलेल्या बाईला स्वतःपुरतं रांधणं जड जातं. जोडीदार गेल्यानंतर भूक मरणं, झोप उडणं, कशातच मन न लागणं हे महिनोन्महिने चाललं तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. ‘वय झालं’ म्हणून ते सोडून देऊ नये.

गोळ्या, पथ्यं आणि एकादशी

गोळ्यांचा डबा एकदा डॉक्टरांपुढे उपडा करावा. काही गोळ्यांनी भूक मरते, काहींनी तोंड कोरडं पडतं, काहींनी बद्धकोष्ठ होतो आणि पोट साफ नसलं की जेवण जातच नाही. उलट बाजूही आहे. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, किंवा इन्सुलिन घेऊन माणूस जेवला नाही तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, बरळणं. रात्रीच्या वेळी एकट्या माणसाला हे धोक्याचं.

पथ्यांचं तर आपल्याकडे ओझंच होतं. रक्तदाबासाठी मीठ बंद, साखरेसाठी भात आणि फळं बंद, कोलेस्टेरॉलसाठी तूप आणि अंडं बंद, सांधे दुखतात म्हणून कुणीतरी सांगितल्यावरून डाळ बंद, दही बंद. वीस वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी घातलेली ही पथ्यं एकावर एक साठत जातात, काढत मात्र कुणीच नाही. साठीत योग्य असलेलं पथ्य, वजन उतरत असलेल्या ऐंशीच्या माणसाला तसंच्या तसं लागू असेलच असं नाही. “यातलं कुठलं पथ्य आता सैल करता येईल?” हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारावा. आईच्या डॉक्टरांनी अंडं आणि तूप दोन्ही परत सुरू करायला सांगितलं. अंडं तिने नाकारलं, तूप घेतलं. मीठ कमीच ठेवायचं असेल तर लिंबू, आमसूल, जिरं, कोथिंबीर यांनी चव आणता येते. बाजारातलं कमी सोडियमचं मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नये. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाच्या रुग्णांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकतं.

आता उपास. आईला सोमवार, चतुर्थी, दोन एकादश्या, शिवाय चातुर्मासात एकभुक्त. मोजलं तर महिन्यातले सात-आठ दिवस. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण तरुणांना लागू. पंचाहत्तरीतली बाई त्या दिवशी अर्धी वाटी साबुदाणा आणि चहा घेऊन झोपते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावापुरतीही नाहीत. उपास सोड म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि ते योग्यही झालं नसतं. त्याऐवजी साबुदाण्याच्या जागी वरीचे तांदूळ आणि दाण्याची घट्ट आमटी, संध्याकाळी राजगिऱ्याची खीर, मध्ये दही. उपासही राहिला, पोटातही गेलं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र उपासाबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

पाण्याचं एका ओळीत सांगून होणार नाही, पण थोडक्यात. या वयात तहान लागलेली कळत नाही, शिवाय रात्री उठावं लागू नये म्हणून मुद्दाम पाणी टाळलं जातं. सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत तांब्या-पेला नजरेसमोर ठेवून बरंचसं पिऊन घ्यावं, रात्री कमी. ताक, सार, नाचणीची आंबील हेही त्यात धरा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

डबा लावला म्हणजे झालं?

मलाही तसंच वाटलं होतं. पोळी-भाजी केंद्रातून डबा सुरू केला. तीन पोळ्या, सुकी भाजी, आमटी, भात. हा डबा कचेरीत जाणाऱ्या तिशीतल्या माणसाच्या मापाचा. दीडला येईपर्यंत पोळ्या वातड, भाजीत तिखट नि तेल. आई अर्धी पोळी खायची, उरलेलं कामवाल्या मावशींना द्यायची आणि मला फोनवर “हो, डबा छान असतो” म्हणून सांगायची. तीन आठवडे गेले यात.

मग डबेवाल्या काकूंशी स्वतः बोलले. “काकू, पोळ्या तीन नकोत, एकच द्या, तूप लावून कापडात गुंडाळून. तिखट आमटी नको, घट्ट वरण द्या दोन वाट्या. भाजी दुधी, भोपळा, पडवळ, चाकवत अशी, जरा जास्त शिजवून. आठवड्यातून दोनदा पिठलं.” पैसे तेवढेच घेतले त्यांनी. दोन वाट्यांमधली एक आई रात्री खिचडीवर घेते.

खूप थकलेल्या माणसाला भरवावं लागतं, त्याबद्दलही सांगते, कारण हे कुणी शिकवत नाही. आडवं झोपवून कधीही भरवू नये. पाठ सरळ, पाय टेकलेले, हनुवटी वर उचललेली नको. भरवणाऱ्याने उभं राहू नये, समोर त्यांच्या उंचीवर बसावं, म्हणजे त्यांना मान वर करावी लागत नाही. चहाचा चमचा घ्यावा. घास दिल्यावर गळ्याचा उंचवटा वर जाऊन खाली आलेला दिसेपर्यंत पुढचा घास नाही. टीव्ही बंद. गुंगीत असताना नाही. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवावं आणि तोंडात काही राहिलंय का बघून चूळ भरायला लावावी, कवळी धुवावी. आणि स्वतःच्या हाताने जे काही खाता येतं, मग ते केळं असो की लाडू, ते त्यांनाच खाऊ द्यावं, सांडलं तरी.

डॉक्टरांकडे कधी जायचं? प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजनाच्या 5 टक्के उतरलं, म्हणजे 50 किलोच्या माणसाचं अडीच किलो, तर थांबू नये. वजन उतरण्यामागे थायरॉइड, क्षयरोग, बेबंद मधुमेह, कर्करोग यांपैकी काहीही असू शकतं, नुसतं खायला घालत बसून चालत नाही. आठवडाभर जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपेट जेवू घालणंही धोक्याचं असतं, रक्तातले क्षार बिघडतात. गिळताना ठसका, सतत गुंगी, लघवी अगदी कमी होणं, यांतलं काही असेल तर त्याच दिवशी दाखवावं. मुलं लांब असतील आणि कुणाला विचारावं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे.

आता मी फोनवर “जेवलीस का” विचारत नाही. “आज भाजी कसली केलीस?” विचारते, “पिठल्याला लसूण घातलास का?” विचारते. उत्तर द्यायला तिला मिनिटभर लागलं तर मला कळतं. शेजारच्या काकू मंगळवारी आणि शुक्रवारी स्वतःचं ताट घेऊन आमच्याकडे येतात, मालिका बघत दोघी जेवतात, आणि त्या दिवशी वाट्या रिकाम्या असतात. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलंय, त्यावर दर महिन्याच्या एक तारखेच्या चौकोनात आई पेन्सिलीने वजन लिहिते. परवाचा आकडा 49.2 आहे. बांगडी अजून सैलच आहे, तिने दोरा गुंडाळलाय.